साफ केलेला मोबाइल

माझ्या मावसभावाइतका रागीट माणूस मोताळा तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि त्याला एम.एस्सी.ला डिजिटल फॉरेन्सिक्स घ्यायला कोणी सुचवलं त्याला मी अजून शोधतो आहे. फोन-कॉम्प्युटरमधून पुरावा कसा काढायचा, हे ते शिक्षण. मूळ वस्तूला हात लावायचा नाही, तिची हुबेहूब प्रत काढून त्या प्रतीवर काम करायचं, हा त्यातला पहिला धडा. तो धडा शहरातल्या प्रयोगशाळेतच ठेवून यावं की नाही! सुट्टीत हा घरी आला की मावशीचं जिणं मुश्कील. मांजरानं दूध सांडलं तरी हा आडवा, "थांब वं माय! आधी फोटो काढतो, मंग पुसजो!" पोळ्यांचं फॉइल हा मोबाइल गुंडाळण्यात संपवी, का तर बाहेरचा सिग्नल पोचू नये. माझ्या लग्नात कोणाचा तरी मोबाइल हरवला, तर यानं अख्खी पंगत जागची उठू दिली नाही. "काऊन हाललास बे?" हे तो साक्षात माझ्या सासऱ्यांवर ओरडला.

वडिलांपुढे मात्र त्याचा आवाज कधी चढला नाही. बापाला हुकूम सोडायचा नसतो, म्हणे.

त्या वर्षी बीटी कपाशीत गुलाबी बोंडअळी शिरली. काकांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, कोणतंही बोंड फोडावं, आत अळी. बियाणं विकणाऱ्यानं पक्कं बिल दिलं नव्हतं. "ह्या वाणाले अळी लागतच नाई, माही ग्यारंटी," असा आवाजातला निरोप तेवढा मोबाइलवर पाठवला होता, आणि आता तो हरामखोर कानांवर हात ठेवत होता. भरपाईच्या तक्रारीला पुरावा काय तो तेवढाच. मावसभावानं वडिलांना फोन करून अगदी हळू सांगितलं, "बाबा, तुमचा मोबाइल मले पाह्याचा हाय. मी येऊन राह्यलो."

मुलगा एवढा शिकून आपला मोबाइल पाहायला येणार! काका तो घेऊन तडक दुरुस्तीवाल्याकडे गेले आणि आतलं सगळं पुसून नव्यासारखा करून आणला. पाहुणा येणार म्हटल्यावर अंगण झाडून घेतात, तसं.

हा आला आणि शिकलेली सगळी टूल्स लावून दिवसभर बसला. निरोप निघाला नाही. मी दातओठ खात होतो, दुरुस्तीवाल्यावर, त्या विक्रेत्यावर, खरं सांगायचं तर काकांवरसुद्धा. आता याचा स्फोट होणार म्हणून मावशी स्वयंपाकघरातून बाहेरच येईना. काकांनी कौतुकानं विचारलं, "साफ हाय ना? लय हँग होत होता. म्हटलं पोराले तरास नको."

"हाव बाबा," तो म्हणाला. "एकदम साफ हाय."

बाहेर ओट्यावर आल्यावर मला म्हणाला, "साऱ्या दुनियेवर ओरडलो बे मी. त्या दिवशी फोनवर एक डाव बाबावर ओरडाले पाह्यजे होतं."

तक्रार पुराव्याअभावी निकालात निघाली. काकांना कारण कोणी सांगितलं नाही. ते बियाण्याचं दुकान आजही चालू आहे, आणि त्यावरून जाताना माझं डोकं आजही फिरतं. मावसभाऊ नोकरीला लागला. घरी येतो, सगळ्यांशी हळू बोलतो. मावशी म्हणते, पोरगं सुधरलं. मला ते बघवत नाही.