समासात लिहिलेलं

पुस्तक सुचवणं हे स्थळ सुचवण्याइतकंच जोखमीचं काम आहे. जमलं तर कुणी नाव काढत नाही, फसलं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. तरी मी ते वीसेक वर्षं हौसेने केलं, आणि बहुतेक एकाच माणसासाठी. तो रोह्याला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत होता. मी पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचो. मूर्तीचं सगळं रंगकाम झालं की शेवटी तिचे डोळे काढायचे, एवढंच माझं काम.

कॉलेजपासूनची आमची दोस्ती. दोघांनाही कथा-कादंबऱ्यांपेक्षा विज्ञानाची पुस्तकं आवडायची, आणि माणसाने स्वतःला कसं घडवावं याचीही, त्यातली बरी असतील ती. दोघांत मिळून एकच प्रत घ्यायची असा शिरस्ता होता. आधी मी वाचायचो आणि समासात पेन्सिलीने लिहायचो. मग त्याच्या सुट्टीच्या दिवशी अर्ध्या वाटेवर नागोठण्याला भेटून पुस्तक त्याच्या हाती द्यायचो. माझ्या शेऱ्यांखाली तो निळ्या पेनने उत्तरं लिहायचा. बाप गेल्याचं दुःख, पोरांची काळजी, एकमेकांवरचा रागसुद्धा आम्ही समासातच काढला. समोरासमोर बसलो की फक्त भजी खायचो आणि कंपनीतल्या साहेबांची टिंगल करायचो.

निवड माझी असायची. रात्रपाळीने तो चिडका झाला तेव्हा झोपेच्या शास्त्रावरचं नवं पुस्तक मी त्याला दिलं. पोटातल्या जिवाणूंवरचं दिलं, तर महिनाभर त्याने घरच्यांना ताक पाजून हैराण केलं. सवयींवरचं एक झकास होतं, कारण लेखक आधी स्वतःच्या फजित्या सांगत होता. पहाटे उठून आयुष्य बदला म्हणणारी मात्र मी दुकानातच ठेवून यायचो. श्रावणात आमचा अख्खा कारखाना पहाटे उठतो, आमचं कुणाचं काही बदललेलं नाही.

पुढे रोह्याच्या एका वाचनालयात त्याने महिन्यातून एकदा नवी पुस्तकं सुचवायचा कार्यक्रम सुरू केला. यादी माझी, बोलणं त्याचं. मीच त्याला म्हटलं होतं, "तुझ्या जिभेवर साखर हाय, तू बोल." लोक येऊ लागले, त्याला शाल-श्रीफळ मिळू लागलं. खरं सांगतो, मला हेवा वाटला नाही. उलट आपल्या यादीचं चीज झालं असं वाटायचं.

त्याच सुमारास माझा उजवा हात थरथरायला लागला. चहाचा कप धरताना नाही, बारीक कुंचला धरला की. गणपतीचा डोळा एका दमात ओढावा लागतो. रेघ अडखळली की नजर बिघडते, आणि नजर बिघडलेली मूर्ती कुणी घरी नेत नाही. मी घरी सांगितलं नाही. कारखाना चालवणाऱ्या वहिनींनाही सांगितलं नाही. मेंदू आणि हालचालींवरचं एक नवं पुस्तक आणलं, त्यात हाताच्या कंपावर एक प्रकरण होतं. त्याच्या समासात मात्र सगळं लिहून टाकलं: 'हेच माझं. श्वास रोखला तर थांबतं. काल रोह्याच्या एका मूर्तीची डावी बाहुली पुसून दुसऱ्यांदा काढली. हे काम गेलं तर मी कोण?'

नागोठण्याला पुस्तक त्याच्या हाती देताना म्हटलं, "हे सगळ्यांनी वाचायला पायजे." बाकीचं तोंडाने सांगायची हिंमत नव्हती. तो वाचेल, काहीतरी लिहील, म्हणून वाट बघत राहिलो.

त्याच्याकडून काही यायच्या आधी पाट यायला लागले. आमच्याकडे मूर्ती आधी ठरते, सण जवळ आला की गिऱ्हाईक घरचा पाट कारखान्यात आणून ठेवतं, त्याच पाटावर मग गणपती घरी जातो. रोह्याचे एक जुने गिऱ्हाईक पाट ठेवून वहिनींना हळूच म्हणाले, "डोळं तेवढं दुसऱ्या कोणाकडून काढून घ्या." मी मागेच बसलो होतो. चार दिवसांनी दुसरं घर तेच बोललं. मग एक आजी आल्या, त्यांनी तर मलाच विचारलं, "डावी बाहुली पुसली ती आमच्या गणपतीची व्हती काय रे?"

ती गोष्ट मी फक्त एका समासात लिहिली होती.

आजी गेल्यावर वहिनींनी मला बोलावलं. "भावजी, हे मला गिऱ्हाइकांकडून कळायचं?" एवढंच म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे पितांबराचे काठ रंगवायचं काम आलं.

रविवारी तडक रोहा गाठलं. त्याने चहा ठेवला. मी उभ्यानेच विचारलं, "समासातलं वाचून दाखवलंस?"

"व्हय. पण नाव नाय घेतलं तुझं. पेणचा एक मूर्तिकार, एवढंच बोललो."

"तुझ्या सभेत बसणारी निम्मी घरं आमच्याकडनं गणपती नेतात, नि डोळे काढणारा मी एकटा. नाव कशाला लागतंय?"

"अरे, सभा गपगार झाली होती. एक बाई रडली. आपली कमजोरी उघड सांगायला धैर्य लागतं, हे पुस्तकातनं तूच मला शिकवलंस."

"ज्याची त्याने सांगायची असते. तू माझी सांगितलीस."

त्याने चहाखालचा गॅस बंद केला. मग माझा उजवा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "हात थरथरला म्हणून काय तुझी कला गेली? माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास हाय."

आणि मी इतका भोळसट, की त्या एका वाक्याने माझा निम्मा राग उतरला. परतीच्या एसटीत मीच त्याची बाजू घेत होतो. टाळ्यांचा मोह कुणाला सुटलाय, म्हटलं, माणूस वाईट नाही.

त्याच्या घरचा गणपतीही आमच्याच कारखान्यातला. सोमवारी वहिनींना म्हटलं, "बाकीच्या मूर्ती राहू द्या. माझ्या मित्राची तेवढी माझ्याकडे ठेवा. त्याची कायपण हरकत नसणार."

वहिनी पाटांवर खडूने नावं लिहीत होत्या. त्यांनी खडू खाली ठेवला.

"तुम्हाला सांगणार नव्हते, भावजी. डोळे दुसऱ्याकडून काढून घ्या, असा सगळ्यात पहिला फोन त्यांचाच आला होता. तेव्हा एकपण पाट आला नव्हता. कारण नाय सांगितलं त्यांनी, मला वाटलं तुमचं दोघांचं कायतरी बिनसलं असेल."

सभेतलं मी एक वेळ पोटात घातलं असतं. पण स्वतःच्या देवाच्या डोळ्यांना त्याला माझा हात नको होता, आणि तो हात धरून बसला असतानाही त्याने मला ते सांगितलं नाही.