कांद्याच्या फुलांचे शिंपी

तयार कपड्यांची दुकानं आली आणि मास्तरांच्या शिलाई मशीनवर धूळ बसू लागली. तीस वर्षं लोकांची मापं घेतलेला हा शिंपी दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या खांद्यांकडे नुसता बघत राहायचा. अशात एक दिवस कांदा संशोधन केंद्रातल्या बाई दुकानाची पायरी चढल्या.

"मास्तर, पिशव्या शिवाल? फुलांना घालायच्यात."

"फुलांना? आणि मापाला कोण उभं राहणार?"

बाई हसल्या, पण काम खरंच होतं. उन्हाळी, कोरड्या मुलखात तगेल असा कांदा त्या घडवत होत्या. पाणी तोडलेल्या वाफ्यात जे थोडे कांदे टिकत, तेच निवडून पुन्हा लावायच्या. त्यांना फुलांचे गोंडे आले की झाकून ठेवायचे, म्हणजे माश्या भलत्याच कांद्याचे पराग आणून मिसळणार नाहीत.

मास्तरांनी जाड मांजरपाटाच्या पक्क्या पिशव्या शिवल्या. त्या वर्षी ऊन असं तापलं की सगळं बी पोचट निघालं. बाईंनी कुणाला दोष दिला नाही. मास्तरांनी मात्र भर दुपारी एका पिशवीत हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

"बाई, माझ्या कापडात फुलं शिजली हो."

"कापड मीच सांगितलं होतं. तुम्ही कशाला अंगावर घेता?"

सात वर्षांच्या निवडीतून आता पाचच कांदे शिल्लक होते. पुढच्या हंगामात त्यांना गोंडे धरले. आता कापडाऐवजी हवा खेळणारी जाळी हवी होती, पण बाजारातली कडक, फुलांना घासायची. मास्तर घरी गेले आणि पलंगावरची धुऊन धुऊन मऊ झालेली मच्छरदाणी सोडू लागले.

"म्हणजे कांद्याला डास चावायला नकोत, मला चावले तर चालतील?" बायको म्हणाली. पण दुसऱ्या बाजूच्या गाठी तिनंच सोडल्या.

पाचही झाडांवर मास्तरांनी वारा खेळता राहील असा तंबू शिवला. पराग फिरवायला आत माश्या सोडल्या. "जन्मभर माश्या हाकलल्या, आता रोज त्यांची खुशाली विचारतोय," ते म्हणायचे. महिन्याभरानं गोंडे तडकले. आत काळंभोर, भरीव बी! बाईंनी ते मास्तरांच्या ओंजळीत ओतलं, तेव्हा ते अंगठ्यानं एकेक दाणा चाचपत राहिले.

त्या ओंजळीचं वाण शेतकऱ्यांच्या हाती पडायला आणखी नऊ वर्षं लागली. मग बाई मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला एका तापल्या माळावरच्या शेतात घेऊन गेल्या.

"पूर्वी इथं कांदा सुपारीएवढाच राहायचा," शेतकरीण म्हणाली. आता तिच्या मुठीत न मावणारे कांदे ओळीनं उभे होते. मास्तर कोण हे कळल्यावर तिनं मातीचे हात जोडले. "फार उपकार झाले तुमचे."

"उलटं बोलताय ताई. दुकान बसलं तेव्हा या कांद्यानं माझे हात चालते ठेवले. आभार मीच मानायला हवेत."

"मग माना की! काढणीला माणसं कमीच पडलीत," ती डोळे पुसत हसली.

मास्तरांनी बाह्या सरसावल्या. बायको केव्हाच शेजारच्या ओळीत बसली होती. ऊन उतरेपर्यंत दोघं कांदे उपटत राहिले.