अमीनाबादचं अथेन्स

"स्पार्टा?" मी विचारलं आणि सगळा वर्ग मागे वळून बघायला लागला. हात एकच वर होता, गरिमाचा.

लखनौच्या शाळेत मी इतिहास शिकवते, तिथला हा माझा दरवर्षीचा रिवाज. अकरावीला प्राचीन ग्रीसचा धडा संपला की फळ्यावर दोन रकाने आखायचे, एक अथेन्सचा, एक स्पार्टाचा. दोन्ही शहरंच, पण प्रत्येक शहर म्हणजे स्वतंत्र राज्य, आणि एकमेकांची पक्की वैरी. अथेन्समध्ये नागरिक सभेत जमायचे, तावातावाने वाद घालायचे आणि हात वर करून निर्णय घ्यायचे. स्पार्टात दोन राजे, म्हाताऱ्यांचं एक मंडळ आणि जिकडेतिकडे शिस्त. मुलगा सात वर्षांचा झाला की त्याला घरातून उचलायचा आणि छावणीत टाकायचा. परीक्षेत 'फरक स्पष्ट करा' येतो, त्याला एवढं पुरतं. मग मी विचारते, तुम्हाला कुठे राहायला आवडेल? वर्ग दरवर्षी अथेन्सला हात वर करतो. छावणी कोणालाच नको असते.

गरिमाला कारण विचारलं.

"मैम, एथेन्स में मैं सभा में होती ही नहीं. घर के अंदर होती."

मागून कोणीतरी म्हणालं की बायकांना मत स्पार्टातही नव्हतं.

"हाँ, नहीं था. पर ज़मीन अपने नाम होती थी. और दौड़ने देते थे."

बरोबर होतं. स्पार्टातल्या मुली मैदानावर पळायच्या, बायकांच्या नावावर जमिनी असायच्या. मी हे एका वाक्यात सांगून पुढे गेले होते. तिने ते वाक्य धरून ठेवलं होतं. शिक्षकांना आवडते विद्यार्थी नसतात, असं आम्ही पालकसभेत सांगतो. ते खोटं असतं.

गरिमाच्या वडिलांचं अमीनाबादच्या बाजारात चिकनकारीच्या, म्हणजे लखनवी भरतकामाच्या, कपड्यांचं दुकान. दुकानाच्या वर घर, आणि त्या घरात वडील आणि त्यांचे तीन धाकटे भाऊ, सगळे एकत्र. मुलगी हुशार, त्यातून इतिहासाचं वेड. बारावीनंतर तिला दिल्लीच्या चांगल्या कॉलेजात इतिहास ऑनर्सला जागा मिळाली. मला सांगायला शाळेत आली तेव्हा आनंदाने तिला धड बोलताही येत नव्हतं. मग बरेच दिवस काही कळलं नाही. प्रवेशाची मुदत संपत आली तेव्हा तिचा फोन आला. घरी बैठक आहे, तुम्ही याल का?

प्रिन्सिपलना सांगितलं. त्या म्हणाल्या, "देखिए मैडम, फ़ैमिली मैटर है. स्कूल का नाम बीच में न आए." मी म्हटलं, मी कुर्त्याचं कापड घ्यायला चालले आहे. आमचे हे रेल्वेत इंजिनियर, त्यांना सिग्नल मिळाला की गाडी जाते एवढंच ठाऊक. ते म्हणाले, "तू नीट समजावून सांग, ऐकतील." महानगर या आमच्या मोहल्ल्यातून मी निघाले, पुढे रिक्षा केली, आणि शेवटचा तुकडा गर्दीतून चालत गेले.

गरिमाचे वडील अतिशय सौम्य माणूस. बैठक सुरू व्हायच्या आधी त्यांनी मला घराची पद्धत समजावली. त्यांचे वडील, म्हणजे बाबूजी, फार कडक होते. त्यांच्यापुढे कोणी तोंड उघडायचं नाही. यांना मास्तर व्हायचं होतं, बाबूजींनी एका शब्दात दुकानावर बसवलं. बाबूजी गेल्यावर मोठा मुलगा म्हणून सगळं यांच्या हातात आलं आणि यांनी ठरवलं की आता या घरात हुकूम चालणार नाही. चौघे भाऊ बसतात, प्रत्येकाने बोलायचं, मग हात वर करायचे. दुकानाचं असो, लग्नाचं असो, नवा फ्रीज घ्यायचा असो. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. मला खरंच कौतुक वाटलं. जे मी इतकी वर्षं खडूने फळ्यावर काढत होते, ते समोर गादीवर मांडी घालून बसलं होतं.

बैठक रीतसर झाली. मला आधी बोलू दिलं. कॉलेज कसं आहे, हॉस्टेल किती सुरक्षित आहे, मुलगी काय तोलाची आहे, सगळं सांगितलं. कोणी मध्ये बोललं नाही. दोन नंबरचे काका म्हणाले, दिल्ली फार लांब आहे. तिसऱ्यांच्या स्वतःच्या दोन मुली, ते म्हणाले, एकीला पाठवलं की दुसरी विचारेल. सगळ्यात धाकटे म्हणाले, कॉलेजं काय लखनौत नाहीत? कोणी आवाज चढवला नाही, कोणी मुलीला नावं ठेवली नाहीत. मधे गरिमा चहा घेऊन आली, कप ठेवले आणि आत गेली. स्वयंपाकघराच्या दारात ती उभी राहिलेली मला दिसत होती.

मग हात. पाठवायचं म्हणून एकच हात वर झाला, वडिलांचा. नको म्हणून बाकी तिघांचे.

माझाही हात नकळत अर्धा उठला होता. वडील कसनुसे हसले. "मैडम, आप तो मेहमान हैं." अथेन्समध्ये परगावचे लोक जन्मभर राहायचे, व्यापार करायचे, कर भरायचे, पण सभेत त्यांना मत नसायचं. हे मी दरवर्षी शिकवते. लखनौत माझा अर्धा जन्म गेला, पण हात खाली घ्यावा लागतो तेव्हा कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं.

तरी मी सोडलं नाही. म्हटलं, "भाई साहब, आप सबसे बड़े हैं. आप कह देंगे तो कोई नहीं रोकेगा."

त्यांचे डोळे भरून आले.

"कह तो दूँ, मैडम. पर फिर मुझमें और बाबूजी में फ़र्क़ क्या रहा?"

समोर दुष्ट माणूस असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. इथे एक बाप आपला शब्द पाळत होता आणि त्यात त्याचीच मुलगी बुडत होती.

"गरिमा से किसी ने पूछा?" मी शेवटचं विचारलं.

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. वडील म्हणाले, "उसकी तरफ़ से मैं था न."

गरिमा मला रिक्षापर्यंत सोडायला आली. दुपट्टेवाल्यांच्या गर्दीतून ती पुढे चालत होती, मला वाट करून देत होती. रडत मी होते, ती नाही. रिक्षात बसले तेव्हा तिने माझी पिशवी नीट ठेवली आणि म्हणाली, "पापा ने हाथ उठाया था. आपने देखा न, मैम?"

पाहिलं, म्हटलं.

पुढे ती घराजवळच्या कॉलेजात बी.कॉम.ला गेली, कारण ते चालत जाण्याच्या अंतरावर होतं. आता तिचं लग्न झालंय, कानपूरला असते. तेही बैठकीतच ठरलं असणार. तिचे वडील दिवाळीला मिठाईचा डबा घेऊन शाळेत येतात. त्या विषयावर आम्ही बोलत नाही. ते स्टाफरूमच्या दारात थोडा वेळ उभे राहतात, मुली इकडून तिकडे जात असतात त्यांच्याकडे बघतात आणि निघून जातात. मला त्यांचा राग येत नाही. आला असता तर बरं झालं असतं.

धडा मी अजून शिकवते. रकाने तेच, प्रश्न तोच, आणि हातही अजून अथेन्सलाच वर होतात. तक्त्याच्या तळाशी मात्र मी एक ओळ वाढवली आहे, 'कोणाला विचारलं नाही?' दोन्हीकडे उत्तर जवळजवळ सारखंच येतं. परीक्षेत फरक विचारतात, त्यामुळे या ओळीला मार्क नाहीत, हे मी आधीच सांगून टाकते. तरी लिहून घ्या, म्हणते.