छप्पर उघडायला मी सांगितलं

आल्ट आमच्या डच खेड्यातला छपरं शाकारणारा. त्याचं वय आता एकाहत्तर, माझं बहात्तर. शिडीवर चढायचं वय गेलं, पण मान वर करून बघायची त्याची खोड काही जात नाही. रस्त्यात भेटला की तो आधी तुमच्या घराच्या आढ्याकडे बघतो, मग तुमच्या तोंडाकडे. माझ्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मुलाच्या घरी आम्ही कॉफीला गेलो होतो. आल्टही बरोबर होता. परत येताना मी विचारलं, "कसा वाटला मुलगा?"

"बापाच्या घराचं पन्हाळ दोन वर्षं तुंबलंय," आल्ट म्हणाला. "मुलाला कामाची सवय नसणार."

जावई माणूस गुणाचा निघाला, पोरींवर जीव टाकतो. पण बावीस वर्षांत त्याने एकदाही पन्हाळ साफ केलेलं नाही. मीच जात आलोय शिडी घेऊन.

आल्टच्या अशा गोष्टी मी नातवंडांना इतक्या वेळा सांगितल्यात की आता तीच मला दुरुस्त करतात. मात्र एक गोष्ट मी त्यांना कधी सांगत नाही, आणि आल्टबद्दल लिहायला बसलो तर ती गाळून चालणार नाही. तेव्हा पोरांनो, आज वाचूनच घ्या.

रुमेनियातली जुनी राजवट पडून दोन वर्षं झाली होती. आमच्या चर्चच्या मंडळीने तिथल्या एका हंगेरियन खेड्याला मदत द्यायचं ठरवलं. मी तेव्हा तरुण संघाचा पुढारी. शिक्षण गावच्या शाळेपुरतं, धंदा गाईंचा, पण प्रार्थना लांबलचक करायचो, म्हणून लोकांनी निवडून दिलं होतं. नऊ मुलंमुली, एक ट्रक, एक जुनी व्हॅन आणि सगळ्यांत कामाचा माणूस म्हणून आल्ट. नोव्हेंबर महिना. सरहद्दीवर चौदा तास थांबलो. खेड्यात पोचलो तेव्हा निम्म्या मुलांची पोटं बिघडलेली, आणि शौचाला काय, तर अंगणाच्या टोकाला एक खोपटं, त्याला दारही नाही. सकाळी विहिरीवर बर्फ फोडून पाणी काढायचं. झोपायला शाळेची फरशी. वाउत्ये नावाची मुलगी कॅमेरा घेऊन आली होती, तिची बोटं इतकी गारठली की फिल्म भरायला आल्टने तिचे हात स्वतःच्या बगलेत धरून ऊब दिली. मुलं हसली. आल्ट म्हणाला, "हसता काय, कोंबडीची पिल्लंसुद्धा अशीच जगवतात."

काम होतं एका विधवेचं छप्पर. तिला सगळे बोरी नेनी म्हणत. नेनी म्हणजे आपली मावशी. घर मातीचं, दोन खोल्यांचं. माळ्यावर तिचा हिवाळ्याचा मका आणि घेवडा, आणि माळ्याच्या खालच्या अंगाला मातीचा गिलावा, त्याच्या बरोबर खाली तिचा पलंग. कौलं शंभर वर्षांची, निम्मी फुटलेली. नवी कौलं आणि त्यांच्याखालच्या लाकडी रीपा आम्ही ट्रकमधून नेल्या होत्या.

शनिवारी सकाळी आल्ट घराभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "आज उघडायचं नाही. आज खाली रीपा कापून ठेवू. सोमवारी पहाटे एक बाजू उघडू आणि त्याच दिवशी झाकू."

"सोमवारी?" मी म्हणालो. "बुधवारी ट्रक निघायला हवा. आणि मंडळीला दाखवायला 'आधी' आणि 'नंतर' अशा दोन्ही स्लाईड्स पाहिजेत. एका बाजूने काय कळणार लोकांना?"

"वुल्फर्ट, दिवसभरात झाकता येईल तेवढंच उघडायचं. हे मला माझ्या बापाने शिकवलं आणि त्याला त्याच्या बापाने."

"तुझा बाप मिशनच्या कामावर आला नव्हता."

 पुढारी मी होतो, उघडायचं ठरलं. आणि छप्पर उघडायच्या आधी मी तासभर प्रार्थना घेतली, त्यात उजेडाचा एक तास गेला. संध्याकाळी पाचला अंधार पडला तेव्हा पूर्ण छप्पर उघडं होतं आणि जेमतेम एक तृतीयांश झाकलं होतं. उरलेल्या भागावर ट्रकची ताडपत्री बांधली.

आता आमच्या गावची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे रविवारी काम करत नाहीत. करत नाहीत म्हणजे करतच नाहीत. बटाटे शनिवारी सोलून ठेवतात. सायकल शेडमध्ये राहते. दोरीवर एक मोजा राहिला तर शेजारीण सोमवारपर्यंत त्या मोज्याकडे बघत बसते. आम्ही हे आईच्या दुधाबरोबर घेतलं आणि ट्रकमध्ये घालून रुमेनियात नेलं.

रविवारी सकाळी वारा सुटला. ताडपत्रीचं एक टोक सुटलं आणि बघता बघता ती शेजारच्या आलूबुखाराच्या झाडावर जाऊन बसली. वरून पाऊस आणि बर्फ मिसळून पडायला लागलं. मुलं शाळेत रविवारचे कपडे चढवत होती. आल्ट काळ्या कोटावरच कमरेला खिळ्यांची पिशवी बांधून ट्रकजवळ आला. मी त्याच्या आधी शिडी धरली.

"आज प्रभूचा दिवस आहे, आल्ट."

"तू आज घरी असतास तर गाईंचं दूध काढलं असतंस की नाही?"

"गाय दुखून हंबरते. छप्पर हंबरत नाही."

"म्हातारी हंबरेल ना रे."

"ती तर चर्चमध्ये गेलीसुद्धा. तिचा विश्वास तुझ्यापेक्षा मोठा आहे."

हे वाक्य मी बोललो. आज तेहतीस वर्षं झाली, अजून ते माझ्या कानात आहे. मग मी शिडी ट्रकमध्ये ढकलली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. आल्टने पिशवी सोडली.

चर्चमध्ये बोरी नेनी पहिल्या बाकावर बसून मोठ्याने स्तोत्र गात होती. आमच्याकडे प्रवचन सुरू झालं की बाकावरून पेपरमिंट फिरतात. आल्टने सवयीने पुडी काढली, एक गोळी मला दिली, स्वतः घेतली नाही. खिडकीच्या काचेवर बर्फ आपटत होतं. तिथल्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, बाहेर बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि प्रवचन मध्येच थांबवलं. हंगेरियनमध्ये दोन वाक्यं बोलले. सगळी मंडळी उठली.

मला वाटलं, प्रार्थनेसाठी उठली. ती दाराबाहेर चालली होती.

पाळक आमच्या जवळ आले. त्यांना मोडकं डच येत होतं. म्हणाले, "उपासना पुढे तिकडे."

काळ्या कोटातले म्हातारे आपापल्या घरून शिड्या घेऊन आले. बायका डोक्यावरचे रुमाल सारखे करत रांगेत उभ्या राहिल्या आणि कौलं हातोहात वर द्यायला लागल्या. पाळक स्वतः आढ्यावर पाय टाकून बसले. आणि आत, बोरी नेनीच्या पलंगावर, तोवर माळ्याचा गिलावा बैलाएवढा कोसळून पडला होता. चर्चमध्ये गेली नसती, तर ती त्या पलंगावर असती का? मी आजवर स्वतःला हे विचारत आलोय. रोज कामं आवरली की ती तिथे आडवी व्हायची.

आल्टने कोट काढून कुंपणावर टाकला आणि दुसऱ्याच्या शिडीवरून वर गेला. मी नऊ मुलांना म्हणालो, "आपण इथेच थांबायचं." आम्ही गल्लीत उभे राहिलो. दहा जण, धडधाकट, हातात काही नाही. वाउत्ये रडत होती आणि रडता रडता फोटो काढत होती.

तेवढ्यात बोरी नेनी घरातून खुर्ची घेऊन आली. माझ्यासमोर ठेवली. मला खांद्याला धरून बसवलं, कपाळाला हात लावून बघितला आणि पाळकांना वर ओरडून काहीतरी विचारलं.

पाळक वरून म्हणाले, "ती विचारते, तुम्हाला ताप केव्हापासून आहे?"

एवढा मोठा माणूस काम न करता उभा आहे म्हणजे आजारी असणार, दुसरं काही तिच्या डोक्यातच आलं नाही. तिने मला घोंगडी पांघरली. मग चुलीवरचं कोंबडीचं सूप आणून दिलं. ज्या चुलीवर दोन तासांपूर्वी छपरातून पाणी गळत होतं, ती तिने माझ्यासाठी पुन्हा पेटवली होती. मी ते सूप प्यायलो. नको म्हणायलासुद्धा तोंड नव्हतं. वरून आल्टने एकदा बघितलं आणि पुढचं कौल मागितलं.

परत आल्यावर चर्चच्या हॉलमध्ये स्लाईड्सचा कार्यक्रम झाला. कॉफी, केक, सगळी मंडळी. प्रोजेक्टर मी चालवत होतो. रांगेत वाउत्येने ती स्लाईड ठेवली असेल हे मला माहीत नव्हतं. आल्ट आढ्यावर, रविवारच्या काळ्या विजारीत, बाजूला काळ्या कोटांतले म्हातारे.

चर्चचा कारभार बघणाऱ्या वडील मंडळींतले तेऊनिस पुढच्या रांगेतून म्हणाले, "ही कोणत्या दिवशीची?"

"रविवारची," आल्टने मागून सांगितलं.

"अडचण होती, समजू शकतो," तेऊनिस म्हणाले. "पण मग शनिवारी छप्पर उघडलं कशाला? झाकता येत नाही तेवढं उघडायचं नाही, हे नवशिक्यालाही कळतं."

सगळ्या माना आल्टकडे वळल्या. आल्टने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नुसतं, जणू माझ्या छपरावर एक कौल सरकलंय आणि मला दिसतंय का, ते तो बघत होता.

मी पुढची स्लाईड टाकली. एक डुक्कर होतं. लोक हसले.

त्या वसंतात आमच्या चर्चचं छप्पर नव्याने करायचं होतं. ते काम शेजारच्या गावच्या माणसाला दिलं. आल्टच्या आजोबांनी बसवलेली कौलं उतरताना आल्ट रस्त्यात उभा राहून बघत होता. त्याला डीकन, म्हणजे चर्चचा सेवक-कारभारी, करायची गोष्ट चालली होती, तीही मागे पडली. त्याच्या बायकोने, मारिखेने, माझ्या बायकोशी बोलणं सोडलं. आल्टने मात्र काही सोडलं नाही. रविवारी आम्ही एकाच बाकावर बसायचो आणि प्रवचन सुरू झालं की त्याचा हात पेपरमिंटसह माझ्याकडे यायचा. त्यापेक्षा त्याने मला धरून बदडलं असतं तर बरं झालं असतं.

असे सोळा हिवाळे गेले.

मग एका रविवारी सकाळी वादळात माझ्या घराच्या कौलांची एक ओळ उडाली आणि पाणी थेट नातीच्या पाळण्याच्या खोलीत यायला लागलं. मी बादल्या लावत होतो. दारात आल्ट उभा. काळा कोट, खिशातून हातोडीचा दांडा बाहेर.

"वुल्फर्ट, शिडी बाहेर आहे की कुलपात?"

सोळा वर्षांत त्या गोष्टीबद्दल तो एवढंच बोलला. मी शिडी आणली. तो वर चढला आणि मी खाली शिडी धरून उभा राहिलो. समोरच्या रस्त्याने अख्खं गाव चर्चला चाललं होतं. टोप्या, काळे कोट, सगळ्यांनी बघितलं. तेऊनिसही काठी टेकत गेले, थांबून बघून गेले.

आम्ही ओल्या कपड्यांनी उशिरा चर्चमध्ये शिरलो. उपासनेनंतर हॉलमध्ये कॉफी असते. मी कप खाली ठेवला आणि उभा राहिलो. प्रार्थना लांबलचक करणाऱ्या मला त्या दिवशी जेमतेम चार वाक्यं सुचली.

"रुमेनियात छप्पर उघडायला मी सांगितलं. आल्ट नको म्हणत होता. रविवारी शिडी मी कुलपात घातली. किल्ली माझ्या खिशात होती."

मला वाटलं होतं, गलका होईल. तेऊनिस म्हणाले, "सोळा वर्षं झाली रे त्याला. बस."

म्हणजे लोक केव्हाच विसरले होते. नावाला डाग लागला तेवढा आल्टच्या, आणि तो धुवायला मी अशा वेळी उभा राहिलो की कुणाला डागही दिसत नव्हता. फक्त मारिखे उठली. माझा कप उचलून तिने त्यात गरम कॉफी ओतली आणि माझ्या हातात दिला. आल्ट म्हणाला, "भाषण करून सगळ्यांची कॉफी गार केलीस." मग छताकडे बघून पुटपुटला, "त्या शेजारच्या गावच्याने उत्तरेची बाजू नीट बसवलेली नाही."

पुढच्या वर्षी त्याला डीकन व्हायला विचारलं. गुडघे दुखतात म्हणाला.

अजून आम्ही त्याच बाकावर बसतो. प्रवचन सुरू झालं की त्याचा हात येतो. मी पेपरमिंट घेतो, बोरी नेनीचं सूप घेतलं होतं तसंच, मान खाली घालून.