मित्र बुरशी

लातूरला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली, त्याच्या आदल्या पावसाळ्यातली ही गोष्ट. उदगीर जिल्हा होणार, अशी बोलवा त्या वर्षीही होती. जिल्हा व्हायचा राहिला. जळकोटकडचं तळं मात्र आटायचं राहिलं नाही.

त्या तळ्याच्या बांधाखाली बसम्माचं साळीचं, म्हणजे भाताचं रान. बी तिच्या माहेरचं, आईनं जपलेलं. आता दुसऱ्या कुणाकडं नव्हतं. आदल्या साली रोपं वाफ्यातच मुळाशी कुजली आणि डब्यात उरलं ते शेवटचं बी. तळ्यात पाणी एकाच वाफ्यापुरतं. त्या सालीही रोपं गेली असती तर वाणच संपला असता.

कृषी सहायकानं हिरवट भुकटीचा पुडा दिला. "मावशी, ही मित्र बुरशी. रोगाच्या बुरशीला खाते. ओलसर शेणखतात मिसळून सावलीत गोणपाटाखाली झाका. वाढली की थोडी गुळाच्या पाण्यातून बियाला चोळा, बाकीची वाफ्यात मिसळा."

"बुरशी आन् मित्र?" बसम्माचे यजमान महादेवप्पा म्हणाले. "उद्या चोराला पाव्हणा म्हनाल."

महादेवप्पा म्हणजे गावातले सर्वांत स्वच्छ गृहस्थ. लोणच्यावर पांढरा ठिपका दिसला तरी बरणी उन्हात जायची. बसम्मा भाच्याच्या लग्नाला निघताना बजावून गेली, "वो, तेवढ्या मित्राकडं ध्यान ठिवा."

त्यांनी ठेवलं. गोणपाट उचलून पाहिलं, तर खतावर पांढरी-हिरवी लव! त्यांच्या हिशेबी मित्र म्हणजे ती भुकटी. तिच्यावर ही बुरशी चढलेली. त्यांनी खत घराच्या माळवदावर नेऊन कडक उन्हात पसरलं. मित्राला बुरशीपासून वाचवणारा तालुक्यातला तो एकमेव माणूस असावा.

"ह्ये काय केलाव वो?" परतलेली बसम्मा म्हणाली.

"तुज्या मित्राला बुरशी लागली होती. ऊन दिलो."

उन्हात मित्रच मेला होता. तिनं गोणपाट उलटं केलं. आतल्या ओल्या अंगाला थोडी हिरवी लव चिकटून होती. ती तिनं खरवडून घेतली. नव्यानं वाढवत बसायला तळं थांबणार नव्हतं. खरवड बियाला चोळायला घेतली, ती अर्ध्यालाच पुरली.

"सगळंच पेर की," महादेवप्पा हळूच म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या. आर्ध्याला तुमचं ऊन भोवलंय. ते डब्यात ऱ्हाईल."

शेतीत सारं पणाला लावणाऱ्यांच्या गोष्टी लोक रंगवून सांगतात. अर्धं मागं ठेवणाऱ्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. तिच्यात रंगवण्यासारखं काही घडत नाही, फक्त बी उरतं.

रोपं तगली. बुरशीनं की नशिबानं, हे कृषी सहायकानंही छातीठोक सांगितलं नाही. लावणी अर्ध्याच रानात झाली, दाणे बेताचे आले आणि बसम्मानं ते सगळे बियाला ठेवले. त्या हिवाळ्यात घरात भात शिजला नाही. रोज ज्वारीची भाकरी. महादेवप्पांनी एकदाही कुरकुर केली नाही. करायला त्यांनी तोंडच ठेवलं नव्हतं.