गच्चीवरच्या बशा

ताई गेली तेव्हा मी सक्करदऱ्याच्या बाजारात मेथीची जुडी हातात घेऊन उभी होते. ह्यांचा फोन आला, "सुनंदा, घरी ये. ताई उठून नाही राहिली." ऑटो करून नंदनवनला घरी पोचले आणि चपलाही न काढता पहिलं काम काय केलं, तर ताईचं कपाट उघडून तिच्या गोळ्यांची पाकिटं मोजली. ती पलंगावर निजलेली, हे तिच्या पायाशी बसून रडताहेत, आणि मी गोळ्या मोजतेय... गोळ्या बरोबर होत्या. झोपेतच हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. मला ते पटायला तीन दिवस लागले. आज दीड महिना होत आला, पण कपाटासमोर गोळ्या मोजत उभी असलेली ती बाई, म्हणजे मीच, माझ्या नजरेसमोरून हलत नाही.

ताई म्हणजे माझी मोठी नणंद, प्रमिला. शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून तिनं आयुष्य काढलं, लग्न केलं नाही. चाळिशीत तिला संशयाचा आजार जडला. दुधात कोणीतरी काहीतरी कालवतं म्हणून महिनाभर तिनं दुधाला तोंड लावलं नव्हतं. औषधं सुरू झाली, ती सावरली, पुन्हा कामावर गेली, मानानं निवृत्त झाली. पण घरात एकदा 'आजार' हा शब्द शिरला की त्या माणसाचं साधं बोलणंही कोणी साधेपणानं ऐकत नाही. भाजीत मीठ जास्त झालंय असं ती म्हणाली तरी मी आधी तिचे डोळे बघायची. खरं तर संशयी कोण म्हणाल, तर मी! भाजीवाल्याचा तराजू, गॅसचं सिलिंडर, शेजारणीचं हसणं, माझा कशावरच विश्वास नाही. पण माझ्या संशयाला घरात 'सुनंदा भारी हुशार' म्हणतात. तिच्या संशयाला सकाळ-संध्याकाळ गोळी होती. ती गोळी द्यायचं कामही माझ्याकडेच होतं.

दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. आमच्या लेआउटच्या, म्हणजे बंगल्यांच्या वसाहतीच्या, मागे नाला आहे आणि नाल्यापलीकडे वस्ती. आमच्या घरी नळ, वस्तीतल्या बायका मात्र नाल्याकाठच्या बोरिंगवर हापसून पाणी भरायच्या. आमच्याकडे धुणीभांडी करणारी छबूबाई तिथलीच. नातीच्या अंगावर चट्टे उठलेत, असं तिनं एक दिवस सांगितलं. मी मलम दिलं. ताई म्हणाली, "छबूबाई, उद्या बाटलीभर बोरिंगचं पाणी आण वं." मग ते रोजच यायला लागलं. गच्चीवर मी भिवापुरी मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्यांच्या बाजूला ताईनं पांढऱ्या बशा मांडल्या. बशीत थोडं पाणी ओतायचं, उन्हात आटू द्यायचं आणि तळाशी काय उरतं ते बघायचं. प्रत्येक बशीखाली वार आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी, शाळेत असायची तशी.

"हे पाह्य, आपल्या नळाचं पांढरं राहिलं. याचं काहून पिवळं?" ती मला बशी दाखवायची. "दुपारी तुम्ही सारे कूलर लावून झोपता ना, तवा नाल्यावर टेम्पो येते. ड्रम रिकामे करून राहिला तो."

पूर्वी दूधवाला, आता टेम्पोवाला... तशात समोरच्या घरची बाई फाटकाशी थांबून हळूच म्हणाली, "प्रमिलाताई गच्चीवर काही करून राहिल्या का हो? बशा, चिठ्ठ्या... आमच्या घरी लहान लेकरू आहे." करणी! आमच्या शिकल्यासवरल्या लेआउटमध्ये, विज्ञानाच्या प्रयोगशाळेत हयात घालवलेल्या बाईवर हा संशय. त्या बाईला चार शब्द सुनवायचे सोडून मी तशीच गच्चीवर गेले, चिठ्ठ्या फाडल्या आणि बशा मोरीत आणून घासल्या. कडेचे पिवळे डाग निघेनात. चिंच लावली, राख लावली. हात चुरचुरले, तरी हे डाग कसले, असा प्रश्न मला पडला नाही. लोक काय म्हणतील एवढंच डोक्यात होतं.

त्याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे नेलं. नेहमीप्रमाणे तिच्या आधी मीच बोलले, "पुन्हा सुरू झालंय. आता पाण्याचं." ताई शांतपणे म्हणाली, "टेम्पो खराच येते, डॉक्टरसाहेब." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. गोळी वाढली.

त्या गोळीनं ताई दिवसदिवस झोपायला लागली. हात इतके थरथरायचे की कप धरवेना. एकदा छबूबाई तिच्या पलंगाशी बसून विचारत होती, "ताई, सांगा ना, पाणी भरू का नको?" ताईची जीभ जड झालेली. तिनं कसंबसं "नको" म्हटलं. छबूबाईनं ते ऐकलं. आमच्यापैकी तिचं ऐकणारी तेवढी एकच होती. लांबच्या नळावरून पाणी आणायला लागली, वस्तीतल्या बायकांना गोळा केलं, आणि रिकामे गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, घेऊन त्या महापालिकेच्या झोन ऑफिसात जाऊन बसल्या. एकदा नाही, पावसाळाभर. शेवटी माणसं आली, पाणी तपासायला नेलं आणि बोरिंगवर लाल रंगानं फुली मारली. पाणी पिण्यालायक नव्हतं. टेम्पो कोणाचा होता ते आजवर बाहेर आलेलं नाही. येईल असं मला वाटतही नाही, आमच्याच लेआउटमध्ये काही जणांना ते ठाऊक असावं.

ताईला हे सांगायला गेले तेव्हा ती सांबार निवडत होती, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मला वाटलं, आता ही बोलेल, मला झापेल. ती म्हणाली, "मग आता गोळी पहिल्यासारखी कमी करू का वं?" मी 'हो' म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. माफी मात्र मागितली नाही.

गोळी कमी झाली. ती जाण्याच्या महिनाभर आधीच्या, म्हणजे शेवटच्या भेटीत डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसा." इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. बंद दाराकडे बघत मी बसून होते. नक्की माझ्याबद्दल सांगत असणार. बशा, चिठ्ठ्या, सगळं. ऑटोत बसल्या बसल्या विचारलं, "काय सांगितलं?" "काही नाही वं," म्हणाली. पुढचे दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिच्या अखेरच्या महिन्यातले ते दोन दिवस मला आता परत हवे आहेत.

ती गेल्यावरही माझं मन थाऱ्यावर येईना. त्या वाढवलेल्या गोळीनंच तर हृदय खचलं नसेल? डॉक्टर 'नाही' म्हणाले. मी म्हटलं, कागद दाखवा. गेल्या आठवड्यात त्यांनी सगळ्या नोंदींच्या झेरॉक्स दिल्या. त्या घेऊन ताईच्या खोलीत बसले. इंग्रजी अक्षर लागायला वेळ लागला. दर पानाची सुरुवात तीच, 'नातेवाईक सांगतात'. नातेवाईक म्हणजे मी. चिडचिड करते, झोपत नाही, पाण्याबद्दल बोलते... वीस वर्षांतली ताई त्या कागदांवर होती, आणि ती सगळी माझ्या तोंडची होती.

शेवटच्या पानावर मात्र डॉक्टरांनी एक वाक्य मराठीत, ताईच्याच शब्दांत उतरवून घेतलेलं आहे. 'माह्यं आता बरं आहे. सुनंदाले पाहून घ्या. तिचा कोणावरच भरोसा नाही, लय भेऊन राहते ती. तिले कोणी विचारत नाही.' त्यापुढे डॉक्टरांच्या हातचं एक प्रश्नचिन्ह आहे.

मी पेन आणलं आणि त्याच्याखाली लिहिलं, 'नातेवाईक सांगतात, ताईचं म्हणणं खरं आहे.'