दाजींच्या इंजिनावरचं कुंकू

जुन्या गाड्यांच्या नादापायी साताऱ्यात मला लोक इंजिनांचा वैदू म्हणतात, आणि मीही तो तोरा मिरवतो. बॉनेट उघडलं की आधी चहा मागायचा, मग चष्मा पुसायचा, मग बराच वेळ नुसतं 'हं' म्हणायचं. निम्मं निदान तेवढ्यात होतं. दाजी गेल्यावर सांगलीहून थोरल्या बहिणीचं, अक्काचं बोलावणं आलं, तेव्हाही मी याच थाटात गेलो.

दाजी लष्करात गाड्या दुरुस्त करायचे. त्यांच्या जुन्या मोटारीच्या इंजिनात झडपा मुळात सिलिंडरच्या बाजूला होत्या. त्यावर आपण विलायती डोकं, म्हणजे सिलिंडर हेड, बसवलंय, झडपा वर नेणारं, ताकद वाढवणारं, असं ते जन्मभर सांगत. सांगलीला लागूनच कुपवाडचे कारखाने, त्यामुळे चौकातली मंडळी हसत. "दाजी, विलायत म्हंजी आपलं कुपवाड न्हवं?"

आता पुण्याचं एक हौशी गिऱ्हाईक आलं होतं. भाच्यानं, अक्काच्या मुलानं, त्याला शब्द दिला होता: डोकं अस्सल निघालं तर गाडी त्याची. नकली निघालं तर त्याला नकोच होती.

मी बॉनेट उघडलं. बाजूच्या झडपांचं जुनं झाकण जागेवर होतं आणि तिथूनच झडपा उघडणारे दांडे वर डोक्यात गेले होते. काम जुनं, नेटकं. पण अशी डोकी आपल्याकडेही नक्कल करून ओतली गेली. अस्सल डोक्यावर कारखान्याचं नाव उठून दिसतं. नेमक्या त्याच जागी लाल खपली होती. दर खंडेनवमीला अक्का तिथं कुंकू लावायची. तेलात मुरून त्याचा दगड झाला होता. यंदा मात्र ती गाडीजवळ आलीच नव्हती.

रॉकेलचा बोळा हातात घेऊन मी थांबलो. गिऱ्हाईक ओसरीवर चहा पीत होतं. अक्का जवळ आली.

"नकली हाय म्हणू?" मी हळूच विचारलं. "गाडी दारात ऱ्हाईल."

"आन् त्ये खोटं पडत्याल, त्येचं काय?"

मी हातातल्या बोळ्याकडे पाहिलं.

"पूस," ती म्हणाली.

"मग तू आत जा."

"न्हाई. बघू दे."

मी पुसत गेलो. लाल ओघळ इंजिनावरून खाली उतरले आणि अक्षरं वर आली. अक्काला इंग्रजी वाचता येत नाही. तिनं ती बोटानं चाचपली.

"ह्येच का?"

"ह्येच."

दुपारी गाडी ट्रकवर चढली. ट्रक वळेपर्यंत अक्का दारात उभी होती. मग म्हणाली, "चौकात जा. हसत व्हते त्येस्नी सांगून ये."

हसणाऱ्यांतला एकच म्हातारा पारावर उरला होता, आणि त्याला ऐकू येत नव्हतं. मी हातांनी झडपा उघडमीट केल्या, तोंडानं इंजिन चालवलं, आभाळाकडे बोट करून दाजी दाखवले. म्हातारा पोट धरून हसला. त्याला काहीही कळलं नव्हतं.

परतलो तर अक्का उंबऱ्यातच बसलेली.

"मानलं का?"

"मानलं."

"समदी व्हती?"

"समदी," मी म्हणालो.